तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांस अनावृत पत्र

प्रिय साहेब,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, सोसायटीचं पाण्याचं बिल आलं आहे. नेहमीप्रमाणे त्यात पाणी आकाराच्या जोडीला मलनिःसारण आकाराची ओळ आहे. ही ओळ आपल्या वाचनात आली नसावी. बिल वाचायची वेळ ते भरणाऱ्यावर येते आणि आपण त्या त्रासातून स्वतःला केव्हाच सोडवून घेतलं आहे. खासगीतच बोललो असतो, पण मी जिन्यात दिसलो की आपल्याला लिफ्ट आठवते आणि लिफ्टमध्ये दिसलो की व्यायाम. म्हणून हे पत्र नोटीस बोर्डावर.

आधी या ओळीबद्दल. मुंबईत घरातून बाहेर पडणारं सांडपाणी कोणी वेगळं मोजत नाही. त्याला मीटर बसवायचा तर कुठे, आणि वाचायचा कोणी! म्हणून महापालिका सोपा हिशेब करते. जितकं पाणी आत आलं, त्याच्या आकारावर ठरावीक टक्के मलनिःसारणाचे. आत आलेलं पाणी आज ना उद्या मोरीतून, बेसिनमधून नाहीतर संडासातून बाहेर जाणारच. तेव्हा पाण्याचं बिल वाढलं की सांडपाण्याचंही आपोआप वाढतं, आणि ते कमी करायचा रस्ता एकच, नळ. यात आपल्यासारख्या सूक्ष्म बुद्धीच्या माणसाला न कळण्यासारखं काही नाही.

आता आपल्या फ्लशकडे वळू.

मुख्य बाथरूममधल्या कमोडमध्ये आतल्या बाजूने पाण्याची एक बारीक, चकचकीत रेघ अखंड उतरत असते. आवाज नाही, ठिबक नाही, नुसती रेघ. टाकीच्या तळाचं वॉशर गेलं की असं होतं. खालच्या मजल्याच्या गळतीसाठी प्लंबरला घेऊन मी आपल्याकडे आलो होतो, तेव्हा त्याने टाकीत नीळ टाकून दाखवली. फ्लश न ओढता थोड्या वेळात कमोडमधलं पाणी निळं झालं. आपण वाकून पाहिलंत, 'वा, छान ट्रिक आहे' म्हणालात आणि वॉशर बदलायचं पुढच्या वेळेवर ढकललंत. पुढची वेळ अजून उजाडायची आहे.

ती रेघ मिनिटाला एक पेला धरू, दोनशे मिलिलिटर. दिवसाला 288 लिटर. महापालिकेचा घरगुती पाण्याचा मूळ दर माणशी दिवसाला 150 लिटरपर्यंत चालतो. त्यावर गेलं की पुढच्या टप्प्याला दुप्पट, मग तिप्पट, मग चौपट. म्हणजे आपल्या कमोडमध्ये जवळजवळ दोन जास्तीची माणसं राहतात, आणि ती दोघं रात्रंदिवस काही न करता नुसती वाहतात. इमारतीला मीटर एकच, त्यामुळे ही दोघं सगळ्यांच्या खात्यावर जेवतात. वर त्या स्वच्छ, अंगाला न लागलेल्या, तोंडाला न लागलेल्या पाण्यावर मलनिःसारण आकारही बसतो. साहेब, इतकं शुद्ध पाणी इतक्या नेमाने गटारात सोडणारा दाता या वॉर्डात दुसरा नसेल. भातसा आणि वैतरणेपासून डोंगर ओलांडून आणलेलं पाणी आपण त्याचा वापर होण्याआधीच मार्गी लावता.

वॉशरची किंमत लिहीत नाही. लिहिली तर आपल्याला अपमान वाटेल.

थकबाकीची कारणंही आपण दर वर्षी नवी देता. त्याबद्दल आपल्या कल्पकतेला दाद दिलीच पाहिजे. एका वर्षी आपण सांगितलंत, 'आता सगळं माफ झालं ना?' माफ झाला तो मालमत्ता कर, तोही 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा, 1 जानेवारी 2022 पासून. मीटरवरच्या पाण्याच्या बिलाशी त्याचा काही संबंध नाही. आणि आपलं घर मोजायला बसलो तर आत घेतलेली ती बाल्कनीही मोजावी लागेल, तेव्हा हा विषय आपणच वाढवू नये.

पुढच्या वर्षी आपल्याला सायबर गुन्हेगारांची भीती वाटू लागली. भीती रास्त आहे. 'बिल थकलंय, आज रात्री पाणी तोडणार, या नंबरवर फोन करा' असे मेसेज फिरतात आणि त्यांना हात लावू नये हे खरंच. अशा मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही, अनोळखी नंबरवर फोन लावायचा नाही, कोणी सांगितलेलं ॲप उतरवायचं नाही. पण सोसायटीचा क्यूआर कोड फाटकाजवळ काचेच्या चौकटीत लावलेला आहे, त्याखाली सोसायटीचं नाव आहे, पैसे पाठवताना फोनवरही तेच नाव दिसतं. क्रिकेटच्या मोसमात ऑनलाइन टीम लावायचात तेव्हा आपली ही भीती कुठे गावाला जायची?

ते नको असेल तर चेक आहे. चेकबुक संपलं असेल तर बँकेत एकदाच सूचना देऊन ठेवा, दर महिन्याला रक्कम आपोआप वळती होईल, मला आपलं दार वाजवावं लागणार नाही आणि आपल्याला टीव्हीचा आवाज कमी करून घरात कोणी नसल्याचं दाखवावं लागणार नाही. वर्षाचं एकदम भरा. हप्ते हवे असतील तर लेखी मागा, कमिटी देईल. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी तसे घेतले आणि फेडलेही. त्यांना पेन्शन आहे, आपल्याला दोन गाड्या आहेत.

आणि महापालिकेकडे सोसायटी कशी भरते तेही सांगून ठेवतो, उद्या खजिनदार व्हायची वेळ आपल्यावर आली तर (हसू नये). बिलावर जोडणीचा क्रमांक असतो, त्याला सीसीएन म्हणतात. तो महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकायचा आणि कार्ड, नेट बँकिंग किंवा यूपीआयने भरायचं. नाहीतर वॉर्ड ऑफिसच्या नागरी सुविधा केंद्रात चेक घेऊन रांगेत उभं राहायचं. पावती जपून ठेवायची, कारण पुढच्या बिलात जुनी बाकी लागून आली तर तीच दाखवावी लागते. मागच्या बिलाचं वाचन आणि या बिलाचं वाचन शेजारी शेजारी ठेवून खप पाहायचा. एकदम उडी दिसली की समजायचं, कुठेतरी गळतंय. आमच्या इमारतीत ते 'कुठेतरी' शोधावं लागत नाही. मुदत चुकली तर बिलावर महिन्याला 2 टक्के अतिरिक्त आकार चढतो. महापालिका सोसायटीला एकच ग्राहक मानते, आत कोण भरतो आणि कोण जिन्यात पळतो हे तिला कळत नाही. म्हणून आपला वाटा आम्ही बाकीचे भरत आलो आहोत.

तिसरं कारण होतं अभय योजना, म्हणजे थकवणाऱ्याला अतिरिक्त आकारात सूट. 2020 मध्ये महापालिकेने पाण्याच्या थकीत बिलांसाठी ती आणली आणि मुदत पुढे पुढे जात राहिली. तेव्हापासून आपल्याला प्रामाणिकपणाची ॲलर्जी झाली. वेळेवर भरणारा मूर्ख आणि थांबणारा हुशार, हा धडा अशा योजना शिकवतात, हे मलाही कबूल आहे. माझ्या मते या योजनांइतकं नुकसान नेमाने भरणाऱ्यांचं दुसऱ्या कशाने होत नाही. पण साहेब, ती योजना महापालिकेच्या ग्राहकाला होती, म्हणजे सोसायटीला. सोसायटीच्या सभासदाला सोसायटीने अभय द्यावं अशी योजना कुठल्याही सरकारने काढलेली नाही. आपण ती मनातल्या मनात मंजूर करून घेतलीत.

चौथं कारण मात्र खरोखर भारी होतं. गेल्या वार्षिक सभेत आपण उभे राहिलात आणि म्हणालात, 'महापालिका सांडपाणी समुद्रात सोडते, मग मी मलनिःसारणाचे पैसे का भरू?' टाळ्या पडल्या. दुःख हे की मुद्दा बरोबर होता. मुंबईच्या मैल्यावर वर्षानुवर्षं जुजबी प्रक्रिया झाली. वरळी आणि वांद्र्याहून तो लांब नळांनी खोल समुद्रात नेऊन सोडला जायचा, बराचसा मालाड, वर्सोव्याच्या खाड्यांत. आपण ज्या समुद्रावर भेळ खातो त्याला विचारलं तर तो आपल्या बाजूने साक्ष देईल.

म्हणूनच आता वरळी, वांद्रे, मालाड, वर्सोवा, घाटकोपर, भांडुप आणि धारावी इथे सात नवी प्रक्रिया केंद्रं हाती घेतली आहेत. जानेवारी 2023 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्यांचं भूमिपूजन झालं. सातांची मिळून क्षमता दिवसाला 2,464 दशलक्ष लिटर, खर्च हजारो कोटींचा. हे काम वेळेवर होतं का, नीट होतं का, कंत्राटं कोणाला, हे विचारायलाच हवं, आणि मोठ्या आवाजात विचारायला हवं. पण विचारणाऱ्याच्या हातात पावती असली तर आवाज जरा जास्त पोचतो. आपण पैसे न भरता समुद्राची बाजू घेता. समुद्राला आपल्याकडून मिळालं ते फक्त आपलं सांडपाणी.

एक गोष्ट विनोदात घालता येत नाही, ती सरळ लिहितो. पावसाळ्याआधी मागचं चेंबर तुंबलं. उघडलं तेव्हा आत वेट वाइप्स, सॅनिटरी पॅड, तेलाचा घट्ट झालेला थर आणि डायपर. कुठल्या घराचं काय हे विचारत नाही. सक्शन मशीन मागवायचं ठरलं, तेव्हा आपण म्हणालात, 'कशाला खर्च? एखाद्याला हजार रुपये देऊन आत उतरवा.' 2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा नसता तरी मी उतरवलं नसतं. या शहरात विषारी वायूने चेंबरमध्ये माणसं मरतात, आणि ती मरतात ती बहुतेक वेळा कोणाचे तरी थोडे पैसे वाचवताना. मशीनचे पैसे बाकीच्यांनी भरले.

असो. आमच्यापुढची अडचणही आपण जाणता. पाणी तोडून आपल्याला वठणीवर आणता येत नाही. पाणी ही अत्यावश्यक सोय, ती थकबाकीसाठी बंद केली तर उलट कमिटीच कोर्टात उभी राहील, असं वकिलांनी स्पष्ट सांगितलंय. मलनिःसारण तोडता येईल का, यावर कमिटीत चर्चा झाली. तोडायचं म्हणजे नेमकं काय आणि कुठे, हे प्लंबरने समजावायला सुरुवात केल्यावर दोन सदस्यांनी चहाचे कप खाली ठेवले आणि विषय स्थगित झाला.

तेव्हा उरतो तो कागदाचा मार्ग. आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा खर्च प्रत्येक घरातल्या नळांची संख्या आणि आकार पाहून वाटतात. आपण नवी बाथरूम करताना वाढवलेले नळ, तो भिंतीतून सहा बाजूंनी फवारणारा शॉवरसुद्धा, आता मोजणीत येतील. थकलेल्या रकमेवर सर्वसाधारण सभेने ठरवलेलं सरळव्याज लागलेलं आहे. तीन महिन्यांवर थकवणारा सभासद कायद्याने थकबाकीदार ठरतो. त्याला कमिटीत बसता येत नाही, म्हणजे पुढच्या निवडणुकीसाठी आपण छापून घेतलेलं पत्रक वाया गेलं. आणि सहकार कायद्याच्या कलम 154 ब-29 खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्याचा अर्ज करता येतो. दाखला मिळाला की वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, त्यात जप्तीही येते.

तो अर्ज टाइप करून तयार आहे. सोबत खात्याचा उतारा, पाठवलेल्या नोटिसांच्या पोचपावत्या आणि ठरावाची प्रत जोडली आहे. कमिटीची सभा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे आणि अर्जावर सह्या हा तिचा पहिला विषय आहे. शनिवार रात्रीपर्यंत पूर्ण रक्कम जमा झाली, किंवा हप्त्यांची लेखी मागणी पहिल्या हप्त्यासह आली, तर तो विषय वगळू. प्लंबर शनिवारी इमारतीत येतो आहे. त्याच्याकडे वॉशर असेल, दार उघडायचं काम तेवढं आपलं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खजिनदार

ता. क. इतर सभासदांना विनंती: आज रात्री निजण्याआधी आपापल्या फ्लशच्या टाकीत चिमूटभर नीळ टाका आणि फ्लश न ओढता अर्ध्या तासाने कमोडमध्ये पाहा. पाणी निळं दिसलं तर शनिवारच्या यादीत आपला फ्लॅट नंबर वॉचमनकडे लिहून द्या.