तोरणमाळावर साहेबाचा तपास

इंग्रज साहेबाने हिंदुस्थानात येऊन स्वतःच्या देहावर जी नाना दुखणी ओढवून घेतली, त्यांत उन्हाळ्याचे दुखणे सर्वांत जालीम होते. आणि तलवारीने, तहाने व खलित्याने मुलूख खालसा करता आला तरी वैशाख कोणत्याही कलमान्वये खालसा होत नाही, हे ध्यानी येताच त्याने थंड हवेचे डोंगर धुंडाळण्यास आरंभ केला. गव्हर्नर माल्कम यांनी १८२८-२९च्या सुमारास महाबळेश्वरी पेठ वसवली, ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांना १८५० साली माथेरान गवसले, आणि ज्या कड्यांवरून गुराख्यांची गुरे पिढ्यानपिढ्या बिनदिक्कत खाली डोकावत होती, त्यांना आर्थर, एल्फिन्स्टन, लॉडविक, बॅबिंग्टन अशी भारदस्त नावे मिळून तेथे उभे राहून सूर्यास्त पाहणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण ठरले.

खानदेशातील साहेबाने मग काय केले असावे, हा प्रश्न सामान्य माणसास पडत नाही. तो आमचे स्नेही भाऊसाहेब यांना पडला. भाऊसाहेब कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, तरी कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. सातपुड्यासारखा डोंगर उशाशी आणि तोरणमाळासारखे हजार मीटरांहून उंच पठार हाताशी असताना साहेब धुळ्याच्या उन्हात निमूटपणे भाजत बसला, हे त्यांच्या मते संभवतच नव्हते. वर जाण्याच्या वाटेवर ब्रिटिशकालीन अवशेष असलेच पाहिजेत. उणीव होती ती फक्त रीतसर पाहणीची. त्या पाहणीसाठी त्यांनी कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली १८८० साली सिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरची छायाप्रत, एक भिंग, मोजपट्टी, दशम्या आणि ठेचा एवढा सरंजाम एका खांद्यावर घेतला व दुसऱ्या खांद्यावर मला घेतल्यासारखे घेऊन ते निघाले.

सुरत–भुसावळ मार्गावरील गाडीने आम्ही नंदुरबारास उतरलो. या मार्गाचा सुरतेकडचा भाग टापटी व्हॅली रेल्वे कंपनीने १९०० साली पुरा केला, एवढे भाऊसाहेबांनी फलाटावर उभे राहून सांगितले. पुढचे त्यांना सांगता आले नाही, कारण मोसम मिरचीचा होता. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मैदानेच्या मैदाने लाल मिरची वाळत पडली होती, आणि त्या दिशेचा वारा अंगावर आल्याबरोबर माझ्या मित्राचे संपूर्ण ऐतिहासिक ज्ञान शिंकांच्या रूपाने बाहेर पडू लागले. शहाद्याच्या एस.टी.त बसून प्रकाशाजवळ तापीचा पूल ओलांडीपर्यंत त्यांना धड तिकीटही मागता आले नाही. शहाद्यास गाडी बदलली, तेव्हा कुठे ते सावरले.

"कथा जानं शे, बाबा?" कंडक्टरने विचारले.

"ब्रिटिशकालीन अवशेष पाहावयास," भाऊसाहेब गंभीरपणे उत्तरले, आणि ज्येष्ठ नागरिकाची सवलत मिळावी म्हणून त्यांनी आपले आधार कार्ड पुढे केले.

कंडक्टरने कार्डावरील जन्मसाल पाहिले, भाऊसाहेबांना आपादमस्तक न्याहाळले, आणि तोरणमाळचे तिकीट फाडीत तो म्हणाला, "अवशेषनं अर्धं तिकीट लागस."

म्हसावद गेले, राणीपूर गेले, आणि घाटाच्या तोंडाशी आम्ही गाडी सोडली. नागमोडी डांबरी रस्त्याने वर जाणे इतिहाससंशोधकास शोभत नाही, यात्रेकरूंच्या पायवाटेनेच गेले पाहिजे, असा भाऊसाहेबांचा आग्रह होता. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी खानदेशातून, निमाडातून आणि गुजरातेतून हजारो माणसे या डोंगरावर चढतात, त्यांतील कित्येक अनवाणी. आम्ही मात्र नवे बूट घातले असल्यामुळे आम्हांस वाटाड्या घेणे भाग पडले. तो एक पावरा तरुण होता, कमी बोलणारा आणि जास्त चालणारा. भाऊसाहेबांचा स्वभाव याच्या नेमका उलट असल्याने त्या दोघांचे चांगले जमले.

वाटेला लागण्यापूर्वी एका आडव्या बांबूपाशी प्रवेशशुल्काची पावती फाडावी लागली, आणि ती हाती येताच भाऊसाहेबांना इतिहासाचा उमाळा आला. घाटांच्या तोंडाशी वाटसरूंकडून हक्काची पट्टी घेण्याची भिल्ल नाईकांची जुनी वहिवाट होती. १८१८ साली पेशवाई बुडून खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला, कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्यास कचेरी थाटली, आणि ही वहिवाट मोडून काढण्यासाठी डोंगरात पलटणी धाडल्या. पलटणी गेल्या खऱ्या. परंतु भिल्लांच्या बाणांनी जेवढे शिपाई आडवे झाले नसतील तेवढे हिवतापाने झाले. तेव्हा, ज्याला धरता येत नाही त्याला नोकरीस ठेवावे, हा राज्यशास्त्रातील अत्यंत प्रगल्भ सिद्धान्त सरकारास सुचला (तो आजही विधानसभेच्या आसपास प्रचलित आहे). नाईकांना पेन्शनी मिळाल्या, आणि १८२५ साली जेमतेम बावीस वर्षांच्या जेम्स आउटरम नावाच्या लेफ्टनंटाने धरणगावास भिल्लांचीच पलटण उभी केली. भिल्लांसोबत वाघाची शिकार करीत त्याने त्यांचा विश्वास मिळवला, आणि पुढे लखनौच्या वेढ्यात तो एवढा गाजला की कलकत्त्यास त्याचा अश्वारूढ पुतळा बसला. "आणि पट्टी?" मी विचारले. "पट्टी चालूच आहे," पावतीची घडी पाकिटात ठेवीत भाऊसाहेब म्हणाले, "फक्त आता अनुक्रमांक असतो."

पहिल्या चढावरच एका मोहाच्या झाडाखाली आम्हांस बसावे लागले. म्हणजे भाऊसाहेबांनी तो वृक्ष पाहणीयोग्य ठरवला. त्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. १८७८ या एकाच साली सरकारने हिंदुस्थानचा जंगल कायदाही केला आणि मुंबई इलाख्याचा आबकारी कायदाही केला. त्यामुळे जंगल खात्याच्या हद्दीतील मोहाचे खोड एका खात्याकडे, त्याच्या फुलांची दारू दुसऱ्या खात्याकडे, आणि त्याची सावली तेवढी मूळ मालकांकडे, अशी एकाच झाडाची तीन दप्तरांत विभागणी झाली. दगडविटांची इमारत कधीतरी ढासळते. ही इमारत मात्र कागदाची असल्याने भक्कम आहे. बिचारा वाटाड्या, आपण कोणत्या कायद्याला टेकून बसलो आहोत याची कल्पना नसताना, पानाचा द्रोण करून झऱ्याचे पाणी पीत होता.

आणि मग तो दगड सापडला. वाटेच्या एका वळणाशी, करवंदीच्या जाळीत, गुडघ्याएवढा, चार बाजूंनी घडीव, आणि माथ्याखाली तीन रेघांचा कोरीव बाण. भाऊसाहेब ओरडलेच. इंग्रजी राजवटीत सरकारी मालमत्तेवर हाच बाण उमटवीत, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी भिंग काढले, मोजपट्टी काढली, आणि बूट न काढताच ते जाळीत शिरले. तेवढ्यात वाटाड्याने त्यांचा दंड धरला.

"बाबा, बूट. देव आहे."

नीट पाहता बाणाच्या तिन्ही रेघांत शेंदूर भरलेला होता, पायाशी नारळाच्या करवंट्या आणि जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या काड्या होत्या. शिकारीला निघण्यापूर्वी आपला आजा या बाणाच्या देवाला कोंबडा देत असे, असे त्याने सांगितले. ज्या खुणेने राणी सरकारने हा डोंगर आपला म्हणून जाहीर केला, ती खूण तिरकमठा वाहणाऱ्या माणसांनी पाहिली, आपली म्हणून ओळखली, आणि सरकारसकट तिला देवत्व देऊन टाकले! कब्जेदाराने मालकालाच कुळदैवत केल्याचा दाखला महसुली इतिहासात दुसरा नसावा. भाऊसाहेबांची अवस्था कठीण झाली. मालमत्ता म्हणून मोजमाप घ्यावे, तर देवाला मोजपट्टी लावल्याचे पातक; देव म्हणून नमस्कार करावा, तर सरकारी निशाणीपुढे असरकारी वर्तन. अखेर त्यांनी बूट काढून नमस्कार केला आणि नमस्कारासाठी वाकल्यावर उंची मोजून घेतली. दगडाच्या एका कडेवर गुळगुळीत खोलगट खाच पडली होती; ती कसली म्हणून विचारता, बाया येथे विळे पाजवतात, असे उत्तर आले.

"देवाच्या अंगावर?"

"धार चांगली येते," वाटाड्या म्हणाला.

थोड्या वेळाने तो आपण होऊन बोलला. साहेबाची खूण पाहायचीच असेल तर तळोद्याकडे रावलापाणीला जा, तेथे ती खडकावर आहे. मोरवडच्या गुला महाराजांनी आदिवासींना दारू सोडावयास शिकवले होते; त्यांच्या अनुयायांचा जमाव रावलापाणीच्या नाल्यात उतरला असता २ मार्च १९४३ रोजी त्याच्यावर गोळीबार झाला, माणसे मेली, आणि गोळ्यांच्या खुणा खडकात राहिल्या. त्याच्या सहा महिने आधी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारच्या भर बाजारपेठेत शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती असेच पडले होते. भाऊसाहेबांनी भिंग पिशवीत ठेवले, आणि पुढचा सबंध चढ आम्ही न बोलता चढलो. त्यात दमाचा वाटा किती होता हे सांगणे अवघड आहे.

माथ्यावर पोहोचताच यशवंत तलावाचे विस्तीर्ण पाणी समोर आले, हवा गार लागली, आणि भाऊसाहेबांची प्रकृती पूर्ववत झाली. आता पॉइंट मोजावयाचे होते. परंतु येथे सीताखाई, येथे खडकी, येथे कमळांनी भरलेला तलाव, येथे गोरखनाथांचे मंदिर, पलीकडे मच्छिंद्रनाथांची गुहा, खाली घाटात नागार्जुन! सगळ्या उत्तम जागा नाथपंथीयांनी आणि रामायणाने शेकडो वर्षे आधीच आरक्षित करून टाकल्या होत्या, आणि एखाद्या होतकरू असिस्टंट कलेक्टराने आपले आडनाव टेकवावे एवढाही कडा आम्हांस मोकळा दिसला नाही. मला तर या डोंगराचा यात विवेक दिसला. महाबळेश्वराला नावे मिळाली, पाठोपाठ बंगले, बंगल्यांपाठोपाठ मोटारी आणि मोटारींपाठोपाठ मक्याची कणसे. तोरणमाळाने हिवताप बाळगला आणि स्वतःचे नाव राखले.

सीताखाईच्या काठावर प्रतिध्वनी उत्तम उठतो. निदान एकदा तरी या डोंगरांनी साहेबाचे नाव उच्चारावे, म्हणून भाऊसाहेबांनी छातीत वारा भरून "आउटरम!" अशी आरोळी ठोकली. दरीने शेवटची दोन अक्षरे तेवढी पत्करली आणि "रम... रम..." असे दोनतीनदा परत पाठवले. काठावर दारूबंदीच्या शेजारच्या राज्यातून आलेली एक मंडळी उभी होती. त्या सर्वांनी एकाच वेळी माना वळवल्या, आणि त्यांच्यातील एक वयस्क गृहस्थ भाऊसाहेबांजवळ येऊन अत्यंत अदबीने विचारू लागले, की दुकान कोणत्या बाजूला?

सायंकाळी आम्ही विश्रामगृह गाठले. चौकीदाराने कंदिलाएवढ्या उजेडाच्या दिव्याखाली जाडजूड नोंदवही उघडली. नाव, हुद्दा, मुक्काम, प्रयोजन, शेरा असे पाच रकाने, तांबड्या शाईने आखलेले. ते पाहून भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर दिवसभरात प्रथमच निर्भेळ समाधान पसरले. इथे साहेब जिवंत होता. प्रयोजनाच्या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले: "तोरणमाळ मार्गावरील ब्रिटिशकालीन वास्तू व अवशेष यांची पाहणी करणेकामी." चौकीदाराने ते बोट ठेवून वाचले, मग आम्हां दोघांकडे, आमच्या धुळीने भरलेल्या बुटांकडे आणि बंद पिशवीकडे आळीपाळीने पाहिले, लेखणी घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वहस्ते नोंद केली: "निरंक."

भाऊसाहेबांनी त्याखाली लफ्फेदार सही ठोकली, आणि बाणाच्या दगडासंबंधी पुरवणी जोडावयाची झाल्यास ती किती प्रतींत द्यावी लागेल, याची ते चौकशी करू लागले.