श्रावणबाळाच्या बायकोची रजा

आजारी माणसाची उस्तवार करणाऱ्यांनी अधूनमधून स्वतःसाठी वेळ काढावा, असा सल्ला हल्ली मोबाइलवर रोज सकाळी फुकट मिळतो. सुगंधी तेलानं मालिश करून घ्या, चित्रं रंगवा, समुद्रकिनारी एकट्याच चाला. सल्ला उत्तम. पण तो वाचून होईस्तोवर आतल्या खोलीतून हाक येते, आणि लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरपासून समुद्र जरा लांबच आहे.

उस्तवार कोण करतं, हे सरकारनं मोजलेलं आहे. 2024च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत 15 ते 59 वयाच्या 41 टक्के बायका घरातल्या कुणाची ना कुणाची देखभाल करताना आढळल्या. लेकरं, म्हातारी, आजारी, सगळी धरून. पुरुष 21.4 टक्के. जी बाई हे करते तिचा दिवसाचा वेळ जातो 140 मिनिटं, पुरुषाचा 74. दारात उभं राहून “आईला गोळी दिली का गं?” असं विचारायचा वेळ या 74 मध्ये धरलाय का, तेवढं मात्र कळायला मार्ग नाही.

आईबापाची सेवा म्हटलं की आपल्याला श्रावणबाळ आठवतो. राज्य सरकारनं निराधार म्हाताऱ्यांच्या पेन्शनला त्याचंच नाव दिलंय. महिन्याला दीड हजार रुपये. बरं झालं, आपण ऐकलेल्या गोष्टीत श्रावणबाळाचं लग्न झालेलं नाही. झालं असतं तर कावड कुणाच्या खांद्यावर असती, हे सांगायला ज्योतिषी नको. हा मात्र पुढं चालत फोटो काढत गेला असता आणि मातृदिनाला स्टेटसवर टाकला असता.

सुनेला सुट्टी मिळतच नाही, असं कोण म्हणतं? मिळते की. सासूला लातूरला डॉक्टरकडं दाखवायला न्यायचं असलं की म्हणतात, “तेवढंच तुझं बाहेर पडणं होतंय.” वेळाअमावास्येला तर लातूर जिल्ह्यात कचेऱ्याच बंद. साहेबही शेतात कोपीपुढं बसून आंबील पितात. भज्जी, उंडे, खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या मात्र आदल्या रात्रीपासून कुणीतरी जागून केलेल्या असतात. सुट्टी जिल्ह्याला, हजेरी तिला.

आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं. म्हणून तर पंचमीला भाऊ मुराळी होऊन बहिणीच्या दारात उभा राहायचा. नुसतं “ये माहेरी” म्हटल्यानं कुणी सोडत नाही, न्यायला माणूसच लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. चार दिवस झोका, फेर, बांगड्या आणि दुसऱ्यानं वाढलेलं ताट. पण या व्यवस्थेलाही एक भोक होतं. नणंदही पंचमीलाच माहेरपणाला येणार. तिचं माहेर म्हणजे हिचं सासर. मग सासूची लेक विसाव्याला आली, म्हणून सासूच्या सुनेचा विसावा रद्द. “म्हातारीला बघायला कोण?” हा प्रश्न दोघीजणी एकमेकींना विचारतात. तिथंच खाटेशेजारी मोबाइल बघत बसलेल्या लेकाला तो कुणी विचारत नाही.

आता मजा कशी करावी ते सांगतो. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. अहमदपूरहून नांदेडच्या रस्त्यावर, लोह्याच्या अलीकडं. घोडे बघावेत, गाढवं बघावीत, लाल कंधारी बैलाच्या वशिंडाचं कौतुक करावं. कुस्तीच्या फडात कोण पडलं याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही, याचा आनंद घ्यावा. गरम भजी उभ्यानं खावीत आणि कढई कुणी घासायची याचा विचार करू नये. 17 मार्च 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. सरकारनं भाडं निम्मं केलं, घरानं ओझं केलं नाही.

यात्रा नको असेल तर बहिणीकडं जावं, दार लावून दुपारभर झोपावं. सांभाळणाऱ्या बाईला विचारून बघा, तिची सगळ्यात मोठी चैन हीच असते: कुणी हाक मारणार नाही अशी झोप.

अडचण एकच, फोन. बस अहमदपूरबाहेर पडायच्या आत पहिला येतो, “बीपीची गोळी कोणती?” दुसरा, “चादरी कुठं ठेवल्यात?” तिसऱ्यात प्रश्न नसतो, नुसतं “आई तुझी आठवण काढतीय” असतं. मग बाई उतरते आणि पलीकडच्या बाजूला उभी राहून परतीच्या बसला हात करते.

जर्मनीत 1995पासून शुश्रूषेचा सरकारी विमा आहे. घरी सांभाळणारं माणूस सुट्टीवर गेलं, तर त्याच्या जागी येणाऱ्या बदलीच्या माणसाचा खर्च तो विमा ठरावीक रकमेपर्यंत देतो. जुलै 2025पासून वर्षाला आठ आठवड्यांपर्यंत. सांभाळणाऱ्याला छंद जोपासायचा उपदेश करण्याआधी त्यांनी खाटेपाशी माणूस आणून बसवला. आपल्याकडं विमा यायचा तेव्हा येईल. बदलीचा माणूस तर घरातच आहे, तोही बिनपगारी, आणि आईचा सख्खा.

तेव्हा भाऊ, बायकोला यात्रेला पैसे देऊन उपकार करू नका. गोळ्यांच्या वेळा कागदावर उतरवून घ्या. आईला कुशीवर कसं वळवायचं, भांडं कसं द्यायचं, भात किती मऊ लागतो, हे ती घरात असतानाच शिका. मग फोन बंद ठेवा, दोन दिवस.

आणि ती परत आल्यावर आपण किती दमलो ते सांगत बसू नका. तिला माहीत आहे.