गाडी बघणारे मामा

परभणी जिल्ह्यात जुनी गाडी घ्यायला कुणी एकटं जात नाही. सोबत मामा असतात. हे मामा आईचे भाऊ असतीलच असं नाही. सेलूत ते शाळेतून निवृत्त झालेले असतात, मानवतला अडतीवर बसतात, पालमला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान असतं. स्वतः फिरतात मोटारसायकलवर. पण कधीकाळी कुणाची तरी जीप त्यांनी चार गावं फिरवलेली असते, आणि तेवढ्या पुण्याईवर तालुक्यातल्या प्रत्येक सेकंडहँड गाडीवर शेवटचा शब्द त्यांचा.

मामांचा पहिला नियम, गाडी पुण्याचीच. एमएच 22 ची पाटी दिसली की ते बॉनेटसुद्धा उघडू देत नाहीत. "आपल्याकडची गाडी काळ्या चिखलात निघालेली असती. पुण्याची म्हणजी डॉक्टरच्या हातची." पुण्यातली गाडी निम्मं आयुष्य सिग्नलला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापत काढते, हे त्यांना सांगून उपयोग नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं पूर्वी माणसांबद्दल म्हणत. पुण्यातल्या एजंटांनी ते गाड्यांना कधीच लागू केलंय.

पोचण्याआधी मामा एजंटाला आठवणीने फोन करतात. "आम्ही शिरूर सोडलंय. गाडी चालू करून ठिवा, गरम असू द्या." थंड इंजिन पहिल्या सेल्फला जे सांगून टाकतं, ते गरम झाल्यावर सांगत नाही. गाडी आधीच गरम असावी म्हणून विकणारे काय काय खटपटी करतात. मामांमुळे त्यांना ही सोय घरपोच मिळते.

मग तपासणी. ती बघण्यासारखी असते. मामा चारही टायरांना लाथ घालतात. दारांवर बोटाच्या पेरांनी टकटक करून कुठं पुट्टी भरलीय ते अचूक सांगतात. रबराची पट्टी उचलतात, स्टेपनी बाहेर काढायला लावतात, एसीपुढं तळहात धरून डोळे मिटतात. कागदाला तर एकदम पक्के. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, विम्याची तारीख. चष्मा कपाळावर चढवून इंजिनाचा नंबर आरसीशी एकेक आकडा जुळवतात. नंबर पुरता तपासला जातो, इंजिन तेवढं राहतं. तेही धुऊन पॉलिश मारलेलं. "बघ, एक थेंब गळती नाही." धुतल्यावर गळती दिसणार कुठून, हा प्रश्न भाच्याच्या ओठावर येतो, पण मामांना उलटं बोलायचं कसं?

"मामा, रेडिएटरचं झाकण?"

"येडा हैस का? गरम गाडीचं झाकण उघडत नसतेत. हात भाजतो."

हे मात्र शंभर टक्के खरं. मामांची अडचण अशी, की त्यांना जे येतं ते सगळं बरोबर येतं.

नगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी करत गाडी घरी येते. पेढे वाटले जातात. चार दिवसांनी सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर. मामांना बोलावणं जातं. डिसेंबर असतो, कृषी विद्यापीठातला पारा रोज पेपरात खाली उतरत असतो. "आरं, थंडीत बोलताना तुझ्या तोंडातून वाफ निघती का नाही? तसंच हे." पण रेडिएटरचं पाणी रोज लिटरभर कमी व्हायला लागतं. "मामा, गाडी पाणी प्यायलीय." मामा म्हणतात, "नवी जागा हाय. रुळल."

शेवटी मिस्त्री. गाडी रात्रभर गॅरेजात थंड होऊ देतो आणि सकाळी रेडिएटरचं झाकण उघडतो. पाणी पिवळं. बोट बुडवून वास घेतो. "हल्दी डाले ना इसमें!" गळकं रेडिएटर तात्पुरतं बुजवायचा हा जुना ड्रायव्हरी तोडगा. सेल्फ मारल्यावर पाण्यात बुडबुडे येतात. ऑईलचं झाकण काढलं तर आतून दुधाळ फेस. गळतीमुळे इंजिन कधीतरी तापून हेड वाकलेलं, गॅस्केट गेलेलं, पाणी ऑईलमध्ये मिसळलेलं, आणि त्या पाणचट ऑईलवर चालून बेअरिंग खाल्लेले. म्हणजे फुल इंजिन. मामा पिवळं पाणी निरखून बघतात. "रंग बघ. हळद वसमतची दिसती." वसमतच्या बाजारातून पुण्याला गेलेली हळद रेडिएटरातून परत आली, यात त्यांना जरा अभिमानच वाटतो.

एवढं होऊनही मामांचा मान तसूभर कमी होत नाही. मला याचं कोडं पडत नाही. मिस्त्रीला सोबत न्यायचं तर त्याचा रोज बुडतो, आणि वर तो "मत लो" म्हणतो. गाडी तर मनात कधीच घेऊन झालेली असते. "घेऊन टाक" असं चारचौघांत म्हणणारा वडीलधारा माणूस हवा असतो, आणि पुढं काही झालंच तर बायकोला सांगायला एक नाव. 1930 चा वस्तुविक्रीचा कायदाही मुळात घेणाऱ्यानं बघून घ्यावं याच मताचा. बघितलं नाही असं कोण म्हणेल? मामांनी अडीच तास बघितलं होतं.

इंजिन लेथवर जातं, महिना जातो, भाच्याचे कापसाच्या पट्टीचे पैसे जातात. गाडी सुरू झाल्यावर मामा बॉनेटवर हात फिरवतात.

"आता इंजिन कोरं करकरीत. आता काढून टाक ही. सोनपेठचं गिऱ्हाईक हाय माझ्याकडं, चांगले पैसे दील."

"आणि त्याच्याकडून गाडी बघायला कोण येणार, मामा?"

"कोण म्हणजी? मीच."