अहो, ऐकलंत का? कॉलनी म्हणे बांधावर लोटलीय!

काय दिवस आले बघा! लातुरात अन् नांदेडात चांगल्या खात्यापित्या घरची माणसं रविवारी सकाळी बांधाबांधानं हिंडायलेत. म्हैस हरवली म्हणून नव्हे, रानमेवा गोळा करायला! परवापर्यंत पोरानं खाली पडलेलं बोर उचललं की "शी, टाक ते!" म्हणून किंचाळणाऱ्या वहिनी आता स्वतःच बोरीत पदर अडकवून उभ्या. लातूर पॅटर्ननं गावोगावचे डॉक्टर-इंजिनिअर घडवले. आता त्याच डॉक्टरांच्या बोटांतले काटे कोण काढणार?

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, तर कहरच असतो. भज्जी-आंबील रिचवून माणसानं झाडाखाली आडवं व्हावं की नाही? पण नाही, सगळी पंगत बोरी झोडायला! नांदेडकर म्हणतात, आम्ही काय कमी? ते उन्हाळ्यात थेट किनवट-माहूरच्या जंगलात गाड्या घालतात, टेंभरांसाठी. त्याच झाडाची पानं विडीला जातात हे कळल्यावर एका काकूंनी तोंडातलं टेंभर तिथंच थुंकलं म्हणे. "म्हणजे तंबाखूच की हो!" आता यांना कोण सांगणार, की पान विडीचं असलं तरी फळ पिढ्यान् पिढ्या पोटात गेलेलं आहे.

खरी भानगड पुढंच आहे. या मंडळींत प्रत्येकजण वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि प्रत्येकाच्या खिशात एकेक नियम. एक सर छातीठोकपणे सांगतात, "पाखरं खातात ते माणसाला चालतंच." वा रे वा! घाणेरीवर बुलबुल दिवसभर ताव मारतो. पण तिची हिरवी, कच्ची फळं पोरांच्या पोटात गेली की दवाखान्याची पायरी चढावी लागते. दुसऱ्या काकूंचा शोध, "चीक निघाला की विष समजायचं." मग करवंद काय म्हणून खाता? त्याच्या देठातून पांढराशुभ्र चीक निघतो की! उंबराचंही तेच.

तिसरा नियम सगळ्यांत घातकी: "विषारी असतं ते कडू लागतं." या नियमाचं पितळ उघडं पाडलं ते चंद्रज्योतीनं. तीच ती मोगली एरंड. २००३ नंतर डिझेलचं झाड म्हणून हिचा केवढा उदोउदो झाला! डिझेल राहिलं बाजूला, कुंपणं मात्र उभी आहेत. हिची बी चवीला शेंगदाण्यासारखी. म्हणून तर शाळकरी पोरं मूठमूठ खातात आणि तास-दोन तासांत पोटात आग, उलट्या, जुलाब. अशा बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतच असतात. या झाडाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून तर ते कुंपणाला लावतात. पाखरांचं ऐकता, मग शेळीचं का नाही?

तशीच ती गुंज. लालभडक, टोकाला काळा ठिपका, दिसायला दागिनाच. चावून फोडलेली एकच बी जिवावर बेतू शकते.

मोबाइलवर तर यांचा भारी भरवसा. तळहातावर एक काळं फळ ठेवायचं, फोटो काढायचा, नाव आलं की गट्टम! पान नाही, फूल नाही, तो बिचारा अंदाज ठोकणारच. बाजारात बोरांची पाटी घेऊन बसलेल्या आजीनं अशाच एका ताईला सुनावलं, "फळ काय बघायलीस माय, झाड बघ की!"

आजीचं बोलणं खोटं नाही. बोर ओळखायचं ते काट्यावरून: जोडीनं येणारे, एक सरळ, एक आकडेदार, पान वरून हिरवं, खालून पांढुरकं, लवदार. कामोणीचं फूल इवलंसं पांढरं, मधे पिवळा ठिपका. फळं वाटाण्याहून लहान, एका देठाला घोसानं लोंबणारी. पूर्ण काळी झाली की बोट लागताच हातात येतात, तीच खायची. हिरवी खायची नाहीत, त्यांत सोलानिन असतं. चिरबोटीचं फळ कागदी टोपडं घालूनच येतं. टोपडं वाळलं, आतलं फळ पिवळं झालं, तरच तोंडात घालावं. पानफूल, काटा, हंगाम, सगळं जुळलं तर ओळख पटली म्हणायचं. एक जरी जुळलं नाही तरी हात मागे घ्यायचा.

आणि एवढं जुळूनही चव घेण्याआधी मालकाला विचारा, फवारणी कधी झाली ते. आपला मुलूख सोयाबीनचा. कामोणी आणि चिरबोटी उगवतात नेमक्या त्याच रानात, त्याच बांधावर. तणनाशक मारलेल्या बांधावरची खरीखुरी कामोणीही खायच्या लायकीची नसते.

तेव्हा मंडळी, हिंडा खुशाल, काटेही टोचून घ्या. पण दर वर्षी ते फळ खाणाऱ्या गावच्या माणसाला सोबत न्या, आणि पोरांना बोराआधी चंद्रज्योत ओळखायला शिकवा. कुणी भलतंच खाल्लंच, तर उलटी व्हायची वाट बघू नका, मिठाचं पाणी पाजत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि उरलेली बी, पानासकट डहाळी दवाखान्यात घेऊन जा.