दोन जेवणांमधला चढ

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही ट्रेकिंग ग्रुपचं वेळापत्रक जरा बारकाईने वाचा. रात्री अकराला बस. पहाटे पायथ्याचं गाव, चहा-पोहे. दुपारी गडावर जेवण. साडेचारला चहा आणि कांदाभजी. रात्री जेवण. सकाळी पुन्हा पोहे. गड उतरून पुन्हा जेवण, आणि परतीच्या वाटेवर ‘वेळ मिळाल्यास’ मिसळ. वेळ नेहमीच मिळतो. या सगळ्यात डोंगर कुठे आहे, ते शोधावं लागतं. तो दोन जेवणांच्या फटीत कुठेतरी बसवलेला असतो.

माझी यावर तक्रार नाही. हे वेळापत्रक आखणाऱ्याला माणूस कळलेला असतो.

हरिश्चंद्रगडाचंच घ्या. उंची 1424 मीटर. नळीच्या वाटेने जाणारे वेगळे. त्यांच्याविषयी मी लांबूनच आदर बाळगतो. आपण पाचनईहून जाणारे. ही वाट त्यातल्या त्यात सोपी, अवघड जागी रेलिंगसुद्धा आहे. तरी तासाभरात घोळक्याची माळ होते आणि माळेतले मणी एकेक करून दगडावर बसू लागतात. अशा वेळी लीडर काय करतो हे बघण्यासारखं असतं. पंचविशीतला पोरगा, गळ्यात शिट्टी, सगळ्यांना सरसकट ‘दादा’ आणि ‘ताई’. तो शिलाहारांविषयी बोलत नाही, सह्याद्रीच्या बेसॉल्टविषयी बोलत नाही. तो एवढंच म्हणतो, “पुढच्या वळणावर लिंबू सरबत आहे.” आणि मणी उठतात. वळण पुढचं नसतं, त्याच्याही पुढचं असतं; पण सरबत खरंच असतं, त्यामुळे कोणी भांडत नाही. इतिहास तो जेवणानंतरसाठी राखून ठेवतो, कारण तेव्हा माणसं हलत नाहीत.

सामानाच्या यादीत ‘कोरडा खाऊ’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ प्रत्येक घर आपापल्या परीने लावतं. कुणाकडे खजूर, कुणाकडे चिक्की, कुणाकडे चार दिवस पुरतील एवढे थेपले. आयटीतल्या एखाद्याकडे प्रोटीन बार असतो, तो त्याला एकट्यालाच खावा लागतो. रात्रभर बसमध्ये एकमेकांशी अवाक्षर न बोललेली माणसं गुळपोळीचा डबा उघडला की कुठल्या गावचे, कुठल्या शाळेचे, इथपर्यंत येऊन पोचतात. साठीचे एक काका या घटकेची वाटच बघत असतात. आमच्या वेळी हे लाड नव्हते. स्टोव्ह, रॉकेल, तांदूळ, सगळं पाठीवर. खिचडीला रॉकेलचा वास यायचा आणि तीच गोड लागायची. हे सांगताना काकांचा हात दुसऱ्याच्या डब्यात असतो.

वर पोचल्यावर पिठलं-भाकरी. घरी भाजी आणायची राहिली की जे होतं ते पिठलं. इथे त्यासाठी रांग लागते. भूक हे कारण आहेच, पण ते अपुरं आहे. या उंचीवर पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं, डाळ शिजायला वेळ घेते, आणि सरपण काही फुकट येत नाही. बेसन चार रटरटांत होतं. पीठ, कांदा, लसूण, मिरची. नासत नाही, सांडत नाही, चेपत नाही. आणि वर येतं ते कुणाच्या तरी डोक्यावरून. तेलाचा डबा, पिठाची गोणी, गॅसची टाकी, सगळं पाचनईहून चढतं. आपण सहा किलोच्या सॅकला आठ पट्टे आवळून धापा टाकत असतो, तेवढ्यात स्लीपर घातलेल्या एक मावशी डोक्यावर गोणी घेऊन मागून येतात आणि जाता जाता विचारतात, “दमलं का, दादा?” या प्रश्नाने जेवढं दमायला होतं तेवढं चढाने होत नाही.

त्याच मावशी मग चुलीपुढे बसलेल्या दिसतात. परातीत गोळा घेऊन तळहाताने थापत नेतात, भाकरी स्वतःच गरगर फिरते. ती तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात. उलटली, मग तवा बाजूला आणि भाकरी निखाऱ्यापाशी उभी. ती टम्म फुगते तेव्हा रांगेतल्या इंजिनिअर मंडळींचे चेहरे बघावेत. तोंडाने मात्र मावशी दुसरंच काही बोलत असतात, बहुतेक मुलाच्या दहावीबद्दल.

अलीकडे काही जाहिरातींत गडावर पनीरची भाजी आणि गुलाबजाम दिसू लागलेत. कोकणकड्यावर पनीर! पनीरने असं काय पाप केलं होतं की त्याला इतकं चढवावं? केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घालून हुडहुडत आलेल्या माणसाला ठेचा लागतो. चांगदेवांनी याच गडावर तप करून ‘तत्त्वसार’ लिहिला असं सांगतात. ते काय जेवत होते हे कुणी सांगत नाही, पण पनीर नक्कीच नसणार.

दुपारच्या जेवणानंतर कड्याच्या टोकाशी पालथं पडून खाली कोकण बघायचा कार्यक्रम असतो. तीन भाकऱ्यांवर पालथं पडणं हा ट्रेकमधला खरा अवघड टप्पा. त्याला रेलिंग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीडर सगळ्यांना कड्यावर गोळा करतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या पूर्ण गोल इंद्रधनुष्याचं वर्णन 1835 साली छापून आणलं, हे सांगतो. पाठीशी ऊन, समोर दरीत ढग, आणि त्या गोलाच्या मध्यावर आपल्याच डोक्याची सावली. इंद्रवज्र म्हणतात त्याला. फक्त थांबायची तयारी हवी. सगळे अगदी मनापासून थांबतात. ढग खालून वर येऊ लागतात, ऊनही पडतं, आणि नेमकी त्याच वेळी मागच्या झोपडीतून हाक येते, “पोहे झालेत! गार व्हायच्या आत या!”

रांग जागच्या जागी वळते. लीडर तिच्यात पहिला. मागे राहतो तो ट्रायपॉड लावून बसलेला एकटा फोटोग्राफर. तोही कॅमेऱ्यावरून डोळा न हलवता ओरडतो, “माझी एक प्लेट झाकून ठेवा, आणि लिंबू जास्त!”