तेरा आठवड्यांची माया

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नावच मुळी प्रवासात पडलं. आईवडील लग्नानंतर युरोपभर हिंडत होते. थोरली मुलगी नेपल्सला झाली म्हणून तिला त्या गावाचं जुनं ग्रीक नाव मिळालं, पार्थेनोपी, आणि १८२०च्या मे महिन्यात धाकटी फ्लॉरेन्सला झाली म्हणून ती फ्लॉरेन्स. मला कधीकधी वाटतं, हे जोडपं चुकून आमच्या बाजूला वळलं असतं तर थोरली धारवाडबाई आणि धाकटी हुबळीबाई झाली असती, आणि दर १२ मेला जगभरच्या परिचारिकांनी हुबळी नाइटिंगेलच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या असत्या. पुढे १८५४ साली ३८ जणींना घेऊन ती तुर्कस्तानात स्कुटारीला गेली, ती थोडक्यात ट्रॅव्हल नर्स म्हणूनच. परतल्यावर मात्र बाईंनी बराच काळ लंडनला खाटेवर पडून काढला आणि तिथून हिंदुस्थानच्या आरोग्याची चिंता वाहिली. हिंदुस्थानात पाऊल मात्र कधी टाकलं नाही.

अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सिंग हा आता रीतसर पेशा आहे. करार बहुधा तेरा आठवड्यांचा, पगार चढा, राहण्याचा भत्ता निराळा, मुदत सरली की बॅग उचलून दुसरं गाव. आमच्या हुबळीत हे नाव कुणी घेत नाही. इथे ती नुसती ‘केरळची सिस्टर’ असते. आत्याला विद्यानगरातल्या एका इस्पितळात ठेवलं होतं तेव्हा मी उशाशी बसून या पेशाचे फायदे जवळून पाहिले. पगाराचा फायदा त्यांत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

पहिला फायदा चालण्याचा. हुबळी स्टेशनचा प्लॅटफॉर्म १५०७ मीटर लांब. २०२३ सालापासून तो जगातला सर्वांत लांब. आत्याच्या वॉर्डातली सिस्टर पहिल्यांदा आली ती नेमकी त्याच्या भलत्या टोकाला उतरली. ट्रंक ओढत चालता चालता तिला वाटलं, नोकरीच्या गावापर्यंतचा उरलेला रस्ता असाच पायी काढायचा असावा. दुसरा फायदा कागदांचा. केरळात नोंदणी झाली तरी कर्नाटकात काम करायचं तर इथल्या नर्सिंग कौन्सिलचं दार वाजवावं लागतं. लाइन बाजारातल्या पेढ्याला तो धारवाडचाच असल्याचं सरकारी मानांकन मिळतं आणि तो मिरवत पुण्या-मुंबईला जातो. सिस्टरला मात्र ‘इथली नाही, तरी चालेल’ असा कागद मिळवावा लागतो.

पण खरा फायदा परकेपणाचा. कुणाची रजा कुणी खाल्ली, मेट्रनच्या मर्जीत कोण, या भानगडींत ती नसते. तिला त्या समजेपर्यंत निघायची वेळ येते. आणि जाणाऱ्या माणसापाशी लोक मन मोकळं करतात. वॉर्डात कानडी, मराठी, उर्दू यांची मिसळण. सिस्टरला कानडी कामापुरती, मराठी शून्य. ती सगळ्याच म्हाताऱ्यांना ‘अज्जी’ म्हणे, आणि आत्या तेवढ्यावर विरघळली. पाटल्या कुठे ठेवल्या आहेत, हे जे तिनं दोन्ही सुनांना कधी कळू दिलं नव्हतं, ते एका मध्यरात्री सलाइन बदलताना अस्खलित मराठीत सिस्टरला सांगून टाकलं. मी डोळे मिटून पडलो होतो. सिस्टर गंभीरपणे मान हलवत होती. गुपित इतक्या सुरक्षित जागी आमच्या घराण्यात आजवर कुणी ठेवलं नसेल.

हे सगळं किती सोपं वाटतं आता. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि बायकांना शुश्रूषेच्या शिक्षणासाठी ससूनमध्ये धाडायला घेतलं, तेव्हा सदाशिव पेठेतल्या विधवेला ससून हे स्कुटारीहून लांब होतं. परक्या पुरुषाची नाडी धरायची, या कल्पनेनंच वाड्यांना ताप चढत असे. आमची सिस्टर घर सोडून निघाली तेव्हा मात्र तिच्या आईनं बरोबर केळ्याच्या चिप्स दिल्या, आणि शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता कितीचा ते पुन्हा एकदा सांगितलं.

पहाटे चारला वॉर्ड शांत झाला की ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तक्ते भरायची. रात्रभर तिनं तीस जणांचं बीपी मोजलेलं असे. सकाळी ड्युटी संपली की कोट्टायमला फोन लावून आईला तिचं बीपी विचारायची, आणि आई, आया सांगतात तसं, “नॉर्मल आहे” सांगायची. सिस्टरचा त्यावर काडीचा विश्वास नसे, पण तीसच्या तीस तक्त्यांवर होता.

डिस्चार्जच्या दिवशी कळलं, दोन वर्षांचा अनुभव पुरा झाला की तिला आयर्लंडला जायचंय. आयर्लंड म्हणजे बेळगावच्या किती पुढे, हे आत्यानं विचारलं नाही. तिथे भात मिळतो का, एवढंच विचारलं. मग माझ्यामार्फत, मोडक्या इंग्रजीत, सिस्टरची उलटतपासणी सुरू झाली: रात्री जेवतेस का, पित्त उठतं का, केस का गळतात. विमानात तीस किलो सामान चालेल असं सिस्टरनं सांगताच आत्यानं त्यातले चार किलो शेंगाचटणीसाठी धरून ठेवले, आणि तिखट कितपत चालेल ते विचारून ये म्हणून मला पुन्हा वॉर्डात पाठवलं.