झाकली मूठ साडेअकरा कोटींची

मराठी माणसाला गुंतवणूक कळत नाही, ही तक्रार जुनी आहे. सोनं, प्लॉट आणि बँकेतली ठेव यांच्या पलीकडे आपली मजल जात नाही. तिकडे अमेरिकेत, डलासच्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात, 11 जुलै 2021 रोजी कुणीतरी ‘सुपर मारिओ 64’ या व्हिडिओ गेमची एक कॅसेट 15 लाख 60 हजार डॉलरना घेतली. तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपये. दोनच दिवस आधी ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ त्याच लिलावात 8 लाख 70 हजार डॉलरना गेली होती आणि जगातली सर्वांत महाग गेम म्हणून तिची बातमी झाली होती. बिचारीला सत्काराचा हार नीट घालूनही घेता आला नाही.

हे वाचून लगेच माळ्यावर चढू नका. आधी थोडा अभ्यास करू.

पहिला धडा असा, की महाग वस्तू दुर्मीळ असायला हवी ही समजूत सोडून द्यायची. 1996 साली आलेल्या ‘सुपर मारिओ 64’च्या जगभरात जवळपास 1 कोटी 19 लाख प्रती खपल्या. चालू स्थितीतली कॅसेट अमेरिकेत आजही दोघांच्या साध्या जेवणाच्या खर्चात मिळते. मग बाकीचे साडेअकरा कोटी कशाचे? तर डब्याभोवतीच्या पारदर्शक प्लास्टिकचे. पंचवीस वर्षांत ते कुणीही फाडलं नव्हतं.

या बाजारात कॅसेटींचे तीन वर्ण आहेत. सर्वांत खाली ‘लूज’, म्हणजे नुसती कॅसेट. तिच्यावर बहुधा कुणा पोराने स्केचपेनने स्वतःचं नाव लिहिलेलं असतं. मधे ‘सीआयबी’, म्हणजे डबा, माहितीपुस्तिका आणि कॅसेट सगळं जागेवर. त्या घरात आई शिस्तीची असणार. आणि सर्वांत वर ‘सील्ड’, कारखान्यातून निघाली तशीच. यातून मूल्यनिर्धारणाचा पायाभूत सिद्धान्त निघतो: खेळाने जितका जास्त आनंद दिला, तितकी त्याची किंमत कमी. ज्याने कुणालाही काडीचा आनंद दिला नाही, तो अनमोल.

सील्डमध्येही पोटजाती आहेत. अमेरिकेत सुरुवातीला आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या डब्यांवर प्लास्टिक नव्हतं, नुसता एक छोटा गोल स्टिकर होता. तो स्टिकर शाबूत असला, की जाणकारांचे डोळे भरून येतात. पुढच्या काही डब्यांना दुकानात खुंटीला लटकवण्यासाठी पुठ्ठ्याचा कान होता. तो आहे की नाही, यावर खानदान ठरतं. मारिओ बनवणाऱ्या निन्टेंडो कंपनीच्या जुन्या डब्यांच्या प्लास्टिकला मागच्या बाजूने आडवी शिवण असते, तीही भिंगाखाली तपासतात. कारण डबा नव्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं मशीन कुठल्याही दुकानदाराला मिळतं आणि दुकानदारालाही संसार असतो.

ही तपासणी करून गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांतली नामांकित म्हणजे वाटा गेम्स. डबा त्यांच्याकडे पाठवायचा, फी भरायची. ते डब्याला दहापैकी गुण देतात, प्लास्टिकला वेगळी श्रेणी देतात आणि सगळं ॲक्रिलिकच्या जाड पेटीत कायमचं बंद करून परत पाठवतात. साडेअकरा कोटींच्या मारिओला 9.8 गुण आणि ‘ए प्लस प्लस’ श्रेणी होती. आपल्याकडे दहावीला 98 टक्के मिळवलेल्या पोरालाही मनासारखं कॉलेज मिळेल याची खात्री नसते. पण त्याची चूक अशी, की तो दहा वर्षं शाळेत जाऊन वापरला गेलेला असतो.

आता एक अडाणी प्रश्न. आतली कॅसेट चालते का? हा प्रश्न विचारणारा या बाजारात टिकत नाही. ‘झेल्डा’ अमेरिकेत 1987 साली आली, आणि खेळणाऱ्याची प्रगती लक्षात राहावी म्हणून तिच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी बसवलेली होती. अशी बॅटरी काही अमर नसते. म्हणजे 8 लाख 70 हजार डॉलरच्या त्या डब्यात ती कदाचित केव्हाच गतप्राण झाली असेल. नवी बसवायला शंभर रुपयेही लागत नाहीत. फक्त त्यासाठी प्लास्टिक फाडावं लागेल आणि मग खेळणाऱ्याची प्रगती लक्षात राहील, पण किंमत जागच्या जागी मरेल. बॅटरी मेलेलीच बरी, हे गुंतवणुकीचं शहाणपण. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणारे आपले पूर्वज मूल्यनिर्धारणात फारच संकोची होते.

हा बाजार उभा कसा राहिला, तेही शिकण्यासारखं आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये गोल स्टिकरवाली एक ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ 1 लाख 150 डॉलरना विकली गेली. व्हिडिओ गेमला लाखाच्या वर किंमत, म्हणून बातमी गाजली. घेणारे तिघे होते आणि त्यांत एक होते जिम हॅल्परिन, हेरिटेज ऑक्शन्सचे सहसंस्थापक. पुढे त्याच लिलावगृहात वाटाने गुण दिलेल्या डब्यांच्या बोली चढत गेल्या: जुलै 2020 मध्ये 1 लाख 14 हजार, नोव्हेंबरमध्ये 1 लाख 56 हजार, एप्रिल 2021 मध्ये 6 लाख 60 हजार. ज्या जुलैत मारिओने दशलक्ष डॉलर ओलांडले, त्याच जुलैत नाण्यांना आणि बेसबॉलच्या कार्डांना गुण देणाऱ्या उद्योगसमूहाने वाटा कंपनी विकत घेतली. दैवयोग म्हणतात तो हाच.

2022 साली काही ग्राहकांनी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात वाटाविरुद्ध सामूहिक दावा लावला. संगनमताने भाव फुगवले, असा त्यांचा आरोप. असे आरोप निराधार आहेत, असं कंपनीने त्याआधीच सांगून ठेवलं होतं. आपण मध्ये कशाला पडा? आपण फक्त हिशेब पाहू. मारिओवर हातोडा पडला तो 13 लाख डॉलरवर. वरचे 2 लाख 60 हजार म्हणजे लिलावगृहाचा खरेदीदाराकडून घेतलेला 20 टक्के अधिभार. डब्याचा भाव उद्या चढो की पडो, गुण देणाऱ्याची फी आणि हातोडा मारणाऱ्याचा अधिभार आधीच खिशात पडलेले असतात. यातली सर्वांत सुरक्षित गुंतवणूक म्हणजे हातोडा.

एवढी ऐपत नसलेल्या मध्यमवर्गाचीही सोय झाली. रॅली नावाच्या कंपनीने 2020 साली एक सील्ड ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ 1 लाख 40 हजार डॉलरना घेतली आणि तिचे हिस्से करून लोकांना विकले. ऑगस्ट 2021 मध्ये ती 20 लाख डॉलरना गेली. घेणाऱ्याचं नाव गुप्त राहिलं. म्हणजे शेकडो लोक एका खेळाचे मालक होते आणि त्यांतल्या एकानेही त्याचं एक बटण दाबलं नव्हतं. इतका स्वच्छ व्यवहार आपल्या पतसंस्थांनाही जमलेला नाही.

प्लास्टिक फाटलेल्यांनीही निराश होऊ नये. त्यांच्यासाठी कचऱ्याचा मार्ग आहे. 1982 साली अटारी कंपनीने ‘ई.टी.’ ही गेम काढली. ती लिहायला प्रोग्रामरला जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. लाखो कॅसेटी पडून राहिल्या आणि 1983 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या उकिरड्यात अटारीने ट्रक भरभरून माल पुरला. एप्रिल 2014 मध्ये एका माहितीपटासाठी तो उकिरडा उकरला, तेराशेच्या आसपास कॅसेटी वर आल्या, आणि गावाने त्यांतल्या बऱ्याच अस्सलपणाच्या दाखल्यासह ऑनलाइन लिलावात काढल्या. चुरगळलेले डबे, तीस वर्षांचा कचऱ्याचा वास, वर नगरपालिकेचा शिक्का. गावाला 1 लाख डॉलरहून जास्त मिळाले. दुकानात नव्या असताना ज्या कुणाला नको होत्या, त्या उकिरड्यातून आल्यावर लोकांना हव्याशा झाल्या. आपल्या महापालिकांनी डम्पिंग ग्राउंडकडे या नजरेने कधी पाहिलंच नाही.

थोडक्यात, खेळ एकतर कधी उघडलेला नसावा, नाहीतर पुरलेला असावा. मधल्या काळात जो खेळला गेला, तो फुकट गेला.

आता तुमचा माळा. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेल्या यंत्रांपैकी बहुतेक ही निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्राची पूर्वेकडून आलेली नक्कल होती. कॅसेटवर ‘9999999 इन 1’ छापलेलं असे आणि आत दहा-बारा गेम नावं बदलून फिरत राहत. डबा पहिल्याच दिवशी फाटे. ‘कॉन्ट्रा’ खेळायला गल्लीतली पोरं नंबर लावून बसत. या कॅसेटींना डलासमध्ये कुणी 9.8 गुण देणार नाही. आपल्याकडच्या हौशी विक्रेत्यांना मात्र वारं लागलं आहे. ‘अँटिक, अतिदुर्मीळ, फक्त खऱ्या ग्राहकांनी फोन करावा’ अशी जाहिरात टाकून ते नकली यंत्राला अस्सलचा भाव सांगतात आणि पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकला ‘प्राचीन झळाळी’ म्हणतात. तो पिवळेपणा नुसता प्लास्टिकच्या म्हातारपणाचा असतो. झळाळीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तेव्हा सल्ला एवढाच. विकत घेणार असाल, तर जाहिरातीत मागितलेला भाव पाहू नका, तशीच वस्तू खरोखर कितीला गेली ते पाहा. स्क्रू काढून आतला सर्किट बोर्ड बघू न देणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करा. आणि माळ्यावरची कॅसेट सापडलीच, तर ती पोरांना खेळायला द्या, तिची किंमत आणखी पडणार नाही. फक्त फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात, असं खुद्द निन्टेंडोनेच सांगितलं आहे.